मारुतीचा पसा

हुणसवाडीत माणूस गेला तर अर्धं गाव जमायचं. माकड गेलं तर सगळं. ही थट्टा नाही. हुमनाबादकडच्या, कन्नड मुलखातल्या निर्ण्यापासून तीन कोसांवरच्या त्या गावात लालतोंडी माकडांना मारुतीची लेकरं म्हणत. लेकरू गेलं की त्याला आंघोळ घालायची, गुलाल लावायचा, तिरडी बांधायची, टाळ वाजवत पाराला तीन फेऱ्या घालायच्या आणि चिंचेच्या बनात नेऊन पुरायचं. दहाव्या दिवशी गोडाचं जेवण. त्या तिरडीला खांदा द्यायला एकमेकांशी बोलणं टाकलेले भाऊबंदसुद्धा ढकलाढकली करायचे.

दुष्काळ सरून पहिलीच बरी सुगी दिसत होती, तो त्र्याहत्तर सालचा ऑक्टोबर. मंगळवारी सकाळी अशीच एक तिरडी सरकारी उपकेंद्रासमोरून निघाली. पुढे टाळ, मध्ये गुलालात माखलेलं माकड, मागे धोतराचा सोगा सावरत रडवेले गुंडेराव मास्तर. उपकेंद्राच्या दारात नर्स इंदिराबाई उभी होती. सगळ्या गावाने हात जोडले, इंदिराबाई मात्र दोन पावलं मागे सरली.

तिला कारण होतं. या भागात बदली होण्याआधी तीन वर्षं तिने शिमोग्याकडे, सागर तालुक्यात काढली होती. तिकडच्या रानात माकडं झाडावरून पटापट पडायची, आणि आठ-दहा दिवसांत रानात लाकडं आणायला गेलेली माणसं तापाने फणफणायची. मेलेल्या माकडाच्या अंगावरची गोचीड माणसाला चावायची, एवढंच कारण. लोक त्याला मंगन कायिले म्हणत, माकडाचा रोग. एका सोळा वर्षांच्या पोरीच्या हिरड्यांतून रक्त यायचं थांबेना तेव्हा तिची हनुवटी इंदिराबाईने रात्रभर धरून ठेवली होती. पोरगी सकाळी गेली. तिथे माकड पडलं की माणसं लांब पळायची, आणि इथे गाव त्याला पाटावर बसवून आंघोळ घालत होतं.

मंगळवारचं एकच माकड होतं म्हणून ती गप्प बसली. एखादं म्हातारं असेल, असं तिने स्वतःला समजावलं. बुधवारी दोन पडली. त्यातलं एक उपकेंद्राच्या मागेच, आणि त्याच्या नाकातून रक्त आलेलं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तसं झालं. ते उंच चिंचेवरून दगडावर आपटलं होतं, त्याचं नाक फुटणारच, हे तिला सुचलं नाही. सागरकडे हा रोग थंडी पडल्यावर सुरू व्हायचा, आश्विनात नव्हे, हेही तिला आठवलं नाही. तिला फक्त ती हनुवटी आठवली.

ती तडक निंगप्पा पाटलांच्या ओसरीवर गेली. पाटलांना तिने सगळं सांगितलं आणि कुणाला बोलू नका असंही बजावलं. निंगप्पा पाटलांना गुपित सांगायचं म्हणजे हलगीवाल्याला सुपारी द्यायची, हे नवीन माणसालाही कळायला हवं होतं. पण ती भ्यालेली होती.

"आजपासनं मेलेल्या माकडाला कुणी हात लावायचा न्हाई," ती म्हणाली. "पुरायचं न्हाई. रॉकेल टाकून जाळायचं. आन बनाकडं कुणाला फिरकू देऊ नका, पाटील."

दिवेलागणीपर्यंत ते शब्द घरोघर पोचले आणि वाटेत चांगलेच फुगले. माकडाच्या नुसत्या श्वासाने माणूस मरतो, असं तेल्याच्या घरी म्हणत होते. गावाचं एक असतं. शहाणपण सांगायला घसा कोरडा करावा लागतो, भीती एकदा सांगितली की पुरते.

आता हुणसवाडीची मांडणी सांगायला हवी. गाव एका अंगाला, मध्ये चिंचेचं बन, आणि बनाच्या पलीकडे भीमनगरची बावीस घरं. छप्पन सालानंतर बौद्ध झालेली ही घरं. इंदिराबाई सून म्हणून त्यातल्याच एका घरात आलेली. तिचा नवरा माणिकराव दोन एकर कसायचा आणि सायकलींचं दुकान चालवायचा. सासू सरुबाई साठी उलटूनही दुसऱ्यांच्या शिवारात पेरणीला जायची. चिंचेच्या फांद्या भीमनगरच्या पत्र्यांवर टेकलेल्या. गावाला माकडं शनिवारी आठवायची, भीमनगरला ती बारा महिने डोक्यावर. वाळवण घातलं की बायका काठी घेऊन बसायच्या, शिव्या द्यायच्या, आणि शेवटी मूठभर फेकायच्याही. कोणती माकडीण लंगडी, कोणती चोरटी, कोणाचं पोर कोणतं, हे सरुबाईला तोंडपाठ होतं.

म्हणजे रोग असलाच तर पहिल्यांदा कुठे असणार? हा हिशेब करायला गावाला एक रात्र पुरली.

गुरुवारी सकाळी भीमनगरच्या वाटेवर बाभळीचे काटे पडलेले होते. गिरणीवाल्याने दळणाचे डबे बाहेरच्या बाहेर परत पाठवले. दुकानदाराने मीठसुद्धा द्यायला नकार दिला. पाच वर्षं भांडून, कचेरीत अर्ज देऊन, माणिकरावाच्या वयाच्या पोरांनी ज्या आडावर बायकांना पाणी भरायचा हक्क मिळवला होता, त्या आडाच्या कडेला पाटलांचे दोन गडी काठ्या घेऊन बसले. जातीचं नाव कुणी घेतलं नाही. रोगाचं घेतलं. आणि रोगाचं नाव गावाला नर्सबाईनेच दिलेलं होतं.

दुपारी पाटलांचा गडी काट्यांपलीकडून ओरडून निरोप सांगून गेला. पाराजवळ दोन माकडं मरून पडलीयत, भीमनगरच्या चार गड्यांनी येऊन ओढून न्यावीत. मेलेलं ढोर ओढायचं काम या घरांनी छप्पन साली टाकलं ते टाकलं. त्यासाठी माणिकरावाच्या वडिलांनी मार खाल्ला होता. माणिकराव दुकानाच्या फळीवरून उठला, काट्यांपर्यंत गेला.

"परवापतुर देव व्हता तवा खांदा तुमचा," तो म्हणाला. "आन रोग झाला की आमचा? जा, सांग पाटलाला."

मग माकडं तिथेच पडून राहिली. गाव नाकाला फडकं लावून लांबून जायला लागलं. तिरडीला ज्यांनी खांदा दिला होता ते चौघे आपापल्या घरी कडुलिंबाच्या पाण्याने चार-चार वेळा आंघोळ करत होते. इंदिराबाई त्या रात्री जेवली नाही. 

शुक्रवारी ठराव झाला. राघोबा शिकाऱ्याला बोलवायचं, सगळा कळप गोळ्या घालून संपवायचा आणि बनातलं गवत-पाचोळा पेटवून द्यायचा. शनिवार मारुतीचा, म्हणून रविवारी उजाडता. वाऱ्याची दिशा बनाकडून भीमनगराकडे, हे कुणीतरी म्हटलं, पण त्यावर बोलायला कुणाला वेळ नव्हता. त्या रविवारी चौदा तारीख होती. दीक्षेच्या त्या दिवशी भीमनगर दरवर्षी एकत्र जमायचं, वंदना म्हणायचं, एका पंगतीला जेवायचं.

संध्याकाळी गुंडेराव मास्तर उपकेंद्रात आले. मराठी शाळेतून निवृत्त झालेला हा माणूस, बारा एकरांचा धनी, स्वभावाने हेकट, पण माकडांचं नाव काढलं की विरघळणारा. पाच वर्षांपूर्वी पिंजरे घेऊन परगावची माणसं आली होती. परदेशात औषधं करून बघायला माकडं लागतात म्हणे. माकडामागे काय भाव होता कोण जाणे, शिवारातले दोन कळप त्यांनी गूळ-शेंगदाण्यावर भुलवून नेले. तिसऱ्याच्या वेळी मास्तर ट्रकपुढे आडवे झाले आणि उठेनात. तो एक कळप उरला. एकतीस माकडं. पंचक्रोशीत लालतोंडी माकड दुसरीकडे शिल्लक नव्हतं.

"तुमच्या शब्दाने गाव पेटलंय बाई," मास्तर म्हणाले, "तुमच्याच शब्दाने विझेल. एकदा म्हणा की खात्री नाही."

इंदिराबाईला ते म्हणता आलं असतं. खात्री तिला नव्हतीच. पण खात्री नाही म्हणावं आणि परवा कुणाच्या पोरीच्या हिरड्यांतून रक्त यावं, या विचाराने तिने नकारार्थी मान हलवली. मी सागरला बघितलंय मास्तर, एवढंच ती म्हणाली. मास्तर छत्री विसरून निघून गेले.

ती घरी आली तर चुलीपुढे सरुबाई बसलेली, आणि तिच्या हातातल्या बशीवर कप वाजत होता.

इंदिराबाईने आधी लक्ष दिलं नाही. मग बघितलं की म्हातारीचा हात थरथरतोय. दोन्ही हात. विचारल्यावर सरुबाईने उडवून लावलं. दोन दिवस झाले, ओठाला मुंग्या आल्यासारखं होतं, पाय जरा झोकांड्या खातात, वय झालं आता. आणि बोलता बोलता असंही म्हणाली की बुधवारी पत्र्यावर एक माकड मरून पडलं होतं, ते तिनेच शेपटीला धरून खाली काढलं.

इंदिराबाईने पिशवीतून थर्मामीटर काढला. तिने सासूच्या जिभेखाली नळी धरली. पारा अठ्ठ्याण्णवाच्या पुढे गेला नाही. तिने नळी झटकून पुन्हा लावली, पुन्हा तेच. ताप नाही म्हणून तिला हायसं वाटायला हवं होतं. तिला वाटलं, अजून चढायचाय. भीतीने बघणाऱ्या माणसाला नसलेला तापही दिसतो. रात्रभर ती सासूच्या हिरड्या बघत बसली. म्हातारी वैतागून म्हणाली की मी काय बाजारात आणलेली म्हैस हाय का दात बगायला.

शनिवारी पहिल्या गाडीने माणिकराव हुमनाबादला डॉक्टरांना आणायला गेला. काट्यांवरून उडी मारून, शेतातून वळसा घालून फाट्यावर पोचला. गावातून त्याला कुणी जाऊ दिलं नसतं. इंदिराबाई रक्त घ्यायच्या काचा आणायला उपकेंद्राकडे निघाली. तिला तेवढी मोकळीक होती. नर्स असल्यामुळे रोग तिला लागत नाही, असं गावाने ठरवून टाकलं होतं.

उपकेंद्राच्या पायरीवर एक माकडीण बसली होती.

इंदिराबाई दहा हातांवर थबकली. माकडीण पळाली नाही. तिला पळता येतच नसावं. ती भिंतीला टेकून बसायची, कलंडायची, पुन्हा बसायची. पायरीवर कुणीतरी टाकलेलं केळीचं साल होतं. ते उचलायला तिने हात पुढे केला तो सालाच्या शेजारी पडला. पुन्हा पुढे केला, पुन्हा चुकला. हात थरथरत होता. इंदिराबाई त्या हाताकडे बघत राहिली. हा हात तिने काल बघितला होता. चुलीपुढे, बशी धरलेला.

सागरला तिने माकडं मरताना बघितली होती. ती सुस्त व्हायची, मान टाकून बसायची. अशी चाचपडत नव्हती. आणि माणसाला तिथे पहिल्यांदा ताप यायचा, एकशेतीन, एकशेचार. थरथर मागून, ती पण थंडी वाजल्याची. तीन दिवस भीतीने बंद पडलेलं तिचं डोकं एकदम सुरू झालं.

तासाभरात माकडीण गेली. इंदिराबाईने बाळंतपणाच्या पेटीतले रबरी हातमोजे काढले.  अंगावर गोचीड असेल, एक पुरे, असं एक मन ओरडत होतं. तिने पदर कमरेला खोचला, बाह्या दोरीने बांधल्या, आणि माकडीण कुशीवर वळवली. केस विंचरून बघितले. गोचीड नव्हती. डोळे, नाक, हिरड्या बघितल्या. रक्ताचा टिपूस नव्हता. मग तिच्या लक्षात आलं की एक गाल फुगलेला आहे.

लालतोंड्या माकडाच्या गालाला आतून पिशवी असते. मिळेल ते पटापट त्यात कोंबायचं आणि झाडावर बसून निवांत खायचं, ही त्यांची रीत. इंदिराबाईने जबडा उघडला, बोट आत घातलं, आणि गालातलं बाहेर काढून पायरीवर ठेवलं. हरभरा होता. भिजून फुगलेले पंधरा-वीस दाणे. तिने वाटीत पाणी घेऊन ते धुतले. टरफलाच्या सुरकुत्यांत, दाण्याच्या चोचीपाशी, गुलाबी रंग राहिला होता. वाटीतलं पाणीही फिकट गुलाबी झालं.

असा रंगवलेला हरभरा खायला कुणी विकत नाही. पण मारुतीच्या पारावर हरभरा कोण टाकतं, हे शेंबडं पोरही सांगेल. वाटी तशीच हातात घेऊन ती मास्तरांच्या दारात गेली आणि चप्पल न काढता ओसरीवर चढली.

मास्तरांनी वाटी बघितली. त्यांना आधी काही उमगलं नाही. उलट त्यांनी कौतुकाने सांगायला सुरुवात केली. दुष्काळात घरचं बी खाऊन संपलेलं, म्हणून या वर्षी पहिल्यांदा विकतचं सुधारित बी आणलं. पोतं उघडलं तर सगळा हरभरा कुंकू लावल्यासारखा लाल! मास्तरांना भरून आलं होतं. आपल्याकडे पेरणीआधी बियाला कुंकू लावून पुजतात, ती रीत या कंपनीवाल्यांनाही कळली म्हणायची. पेरून बी उरलं. उरलेलं बी घरात ठेवायचं नाही, दळायचं नाही, ही हुणसवाडीची जुनी चाल. त्यातला पसा, ओंजळभर दाणे, मारुतीच्या लेकरांचा. मास्तरांनी पेरणीपासून दर शनिवारी-मंगळवारी तो टाकला, आज पहाटेही, आणि लेकरांच्या पोटात कुंकू जाऊ नये म्हणून तीन पाण्यांनी धुऊन टाकला.

इंदिराबाईने पोतं मागितलं. नलिनीबाईंनी, मास्तरांच्या बायकोने, माळवदावरून ते आणून दिलं. वर कन्नड आणि इंग्रजी. मास्तर निजामाच्या काळात उर्दूत शिकलेले, पुढे मराठीत शिकवणारे. कन्नड बोलायला पाण्यासारखं, वाचायला दगड, इंग्रजीचा तर गंधच नाही. खाली कवटीचं चित्र होतं. तो त्यांना छाप वाटला. विडीवर उंट असतो, काडेपेटीवर वाघ असतो, तशी यावर कवटी. इंदिराबाईने त्यांना एकेक शब्द वाचून दाखवला. किडीसाठी विष लावलेलं आहे. खाऊ नये. जनावरांना घालू नये. धुऊनही खाऊ नये.

मास्तर खांबाला धरून खाली बसले. ट्रकपुढे आडवा झालेला हा माणूस. 

इंदिराबाईला क्षणभर बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. रोग नव्हता. सागर इथे आलेलं नव्हतं. मग तिला आपली सासू आठवली, आणि बरं वाटणं जागच्या जागी गोठलं.

"मारुतीचा एक पसा," तिने विचारलं. "बाकीचं उरलेलं कुठं गेलं मास्तर?"

मास्तरांनी मान वर केली. उत्तर नलिनीबाईंनी दिलं. "मोघणारणीला दिलं की. पेरताना बी सोडणाऱ्या बाईचा हक्कच असतो तो. चांगलं चार पायली होतं. सरुबाई घेऊन गेली, तुमच्या सासूबाई."

पेरणीच्या त्या आठवड्यात इंदिराबाई हुमनाबादच्या शिबिराला होती. घरात हरभरा आल्याचं तिला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगण्यासारखं त्यात होतं तरी काय. ती पळत सुटली. मोजे हातात तसेच होते. बाभळीच्या काट्यांवरून जाताना लुगडं फाटलं, पोटरीला काटा शिरला. तीन दिवस भीमनगरात दळण नव्हतं, डाळ नव्हती, मीठसुद्धा शेजारणीकडून उसनं. अशा वेळी घरात चार पायली हरभरा असलेली बाई काय करते, हे तिला दिसायला लागलं होतं. उद्याच्या पंगतीपर्यंत कोण थांबतंय. आणि ही उपासमार गिरणीवाल्याने आणली नव्हती, दुकानदारानेही नाही. ती इंदिराबाईच्याच एका वाक्याने आणली होती.

चौकात तीन दगडांची चूल पेटलेली होती. वर घुगऱ्यांचं मोठं पातेलं. बावीस घरांची माणसं ताटल्या घेऊन सावलीत बसलेली, पोरं पुढे, म्हातारी मागे. सरुबाईच्या थरथरत्या हातात डाव होता आणि पहिली ताटली पुढे आलेली होती.

इंदिराबाईला ओरडायला श्वास नव्हता. तिने पातेल्याला लाथ घातली.

उकळतं पाणी तिच्याच पायावर आलं. घुगऱ्या मातीत गेल्या. चौकातल्या बायका उठल्या. तीन दिवसांच्या भुकेवर लाथ मारणारी सून त्यांनी आजवर बघितली नव्हती. सरुबाईने डाव तसाच उगारला.

"कामून सांडलीस गं? गावानं टाकलं, आता तूबी टाकायलीस आमाला?"

"खाल्लं का कुणी?" इंदिराबाई एकेकाचं तोंड धरून विचारत होती. "आधी सांगा, खाल्लं का कुणी?"

कुणी खाल्लं नव्हतं. फक्त सरुबाईने पेरणीपासून रोज थोडा भाजून चघळला होता. बाकीचा तिने चौदा तारखेसाठी राखून ठेवला होता.

तेवढ्यात काट्यांच्या बाजूला गडबड झाली. गुंडेराव मास्तर येत होते. काखेत ते रिकामं पोतं, मागे पाटील, पाटलांमागे निम्मं गाव. काट्यांपाशी गाव थांबलं. मास्तर थांबले नाहीत. धोतर अडकलं ते ओढून घेतलं आणि भीमनगरच्या चौकात, सांडलेल्या घुगऱ्यांपाशी येऊन उभे राहिले. खाली वाकून त्यांनी एक दाणा उचलला, बघितला, आणि गावाकडे वळले.

"रोग नाही," ते म्हणाले. "मी मारली. माझ्या हाताने घातलं."

पाटलांना ते पटेना. रोग पटायला त्यांना अर्धी घटका लागली होती. मास्तरांनी विष घातलं हे पटायला संध्याकाळ झाली. नर्सबाईनेच मास्तरांना पढवलं, असंही कुणी म्हणालं. शेवटी इंदिराबाईने गावच्या तलाठ्याला पोत्यावरचं कन्नड मोठ्याने वाचायला लावलं. गावकऱ्यांनी आपापल्या घरातलं तसलं बी शोधायला धाव घेतली आणि आणखी तीन घरांत ते सापडलं. राघोबा आला होता, तो चहा पिऊन परत गेला. काटे मात्र कुणी उचलले नाहीत. ते माणिकरावाने रविवारी सकाळी उचलले, डॉक्टरांची जीप आत यावी म्हणून.

सरुबाईला त्याच जीपने गुलबर्ग्याला नेलं. दोन महिने ती तिथल्या खाटेवर होती. पाय सुधारले, जीभ सुधारली, हात नाही. पोळी तव्यावर टाकता येईना, आणि बी सोडायला चाड्यावर मूठ धरता येत नाही म्हणून पेरणीचं बोलावणंही कायमचं बंद झालं. चिंचेच्या बनात सतरा माकडं उरली. मास्तर आता पाराकडे येत नसत.

संक्रांतीच्या सुमारास एका दुपारी इंदिराबाई सासूला भात भरवत होती. पायावरचा भाजल्याचा चट्टा अजून लाल होता. तिला तेव्हा रडू आलं. इतके दिवस आलं नव्हतं. तिने सांगून टाकलं की त्या शुक्रवारी तिच्या मनात काय होतं. राघोबाला रविवारपर्यंत थांबवू नका, आजच गोळ्या घाला, असं पाटलांना सांगायला ती दोनदा उठली होती. तसं झालं असतं तर शनिवारी पायरीवर मरायला माकडीण उरली नसती, आणि त्या पातेल्यातलं तीही जेवली असती.

सरुबाईने घास गिळला.

"आपुन बावीस घरं मेलाव असताव," मग ती म्हणाली, "तर गाव म्हनलं असतं, माकडाच्या रोगानं मेली. कुणी पोतं बगितलं नसतं. आन तू जगली असतीस, तर तूबी तसंच लिवून दिली असतीस."

इंदिराबाईने पुढचा घास कालवला. तिने ते खरंच लिहून दिलं असतं, सहीसकट.